नव्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी: टीका कशी ऐकावी, कशी तपासावी आणि कशाला उत्तर द्यावे

ग्रामपंचायतीत प्रथमच निवडून आलेल्या सदस्याला किंवा सरपंचाला प्रशिक्षणात अधिनियमातील कलमे समजावली जातात, नमुने दाखवले जातात, विकास आराखडा कसा करायचा हे सांगितले जाते. पण भर ग्रामसभेत एखादा माणूस उठून आपल्या घरादाराचा उद्धार करू लागला तर काय करायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. सुरुवातीला उत्साहाने काम करणारे काही सदस्य पुढे सभेला येणेच कमी करतात, गावातल्या एखाद्या आळीत पाऊल टाकायचे टाळतात, किंवा प्रत्येक प्रश्नामागे विरोधकांचा हात शोधू लागतात. त्यांना काम जमत नसते असे नाही. बोलणी खाण्याची तयारी त्यांच्याकडून कोणी करून घेतलेली नसते, असे माझे मत आहे. ती तयारी कशी करावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी या टीकेचे स्वरूप समजून घ्यावे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार 7 ते 17 सदस्य असतात आणि एकेका प्रभागातले मतदार इतके मोजके असतात, की कोणी मत दिले आणि कोणी दिले नाही याचा अंदाज दोन्ही बाजूंना असतो. आमदारावर टीका करणारा माणूस आमदाराला रोज भेटत नाही. सदस्यावर टीका करणारा मात्र सकाळी दूध संकलन केंद्रावर त्याच्याच शेजारी किटली घेऊन उभा असतो. तो भावकीतला असतो, शेताच्या बांधाचा शेजारी असतो, किंवा शाळेत एका बाकावर बसलेला असतो. त्यामुळे गावात टीका कधीच सुटी येत नाही. पाण्याची तक्रार, बांधाचा जुना वाद आणि निवडणुकीतला पराभव ही तिन्ही एकाच वाक्यात येतात. त्यांतली पाण्याची तक्रार नेमकी वेगळी काढता येणे, हे सदस्याचे पहिले कौशल्य आहे. आणि जो स्वतःला नीट ओळखतो त्यालाच ते साधते.

पहिली पायरी: पहिल्या सभेआधी स्वतःची झडती

एक साधी वही घ्यावी आणि ती कोणालाही दाखवू नये. तिच्यात सर्वांत आधी आपले हितसंबंध लिहावेत. आपल्या घराची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरलेली आहे का? नमुना 8 च्या उताऱ्यावर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीवर, आपल्या घराचे जेवढे क्षेत्र लावले आहे, तेवढेच ते जागेवर आहे का? ओटा, पायरी, गोठा किंवा पत्र्याचे शेड गावठाणाच्या रस्त्यावर आलेले आहे का? सख्खा किंवा चुलत भाऊ ग्रामपंचायतीची कामे घेतो का? विरोधकांना ही उत्तरे आपल्या आधीच ठाऊक असतात, म्हणून ती आपण स्वतः शोधलेली बरी.

यामागे कायद्याचेही कारण आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 प्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे, कराची मागणी झाल्यावर तीन महिन्यांत ती न भरणे आणि सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असणे, या गोष्टींमुळे सदस्य अपात्र ठरू शकतो. कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा लाभ घेणाऱ्या सदस्यालाही हा नियम लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे ‘आधी स्वतःचा ओटा मागे घ्या, मग आम्हाला सांगा’ असे कोणी म्हणाले, तर त्याचा सूर कितीही बोचरा असला तरी तो आपल्याला एका खऱ्या धोक्याची सूचना देत असतो. असे काही आढळले तर पहिल्या सभेपूर्वी ते दुरुस्त करावे. थकबाकी भरून पावती वहीत चिकटवावी, आणि नातेवाइकाचा संबंध असलेला विषय सभेपुढे आला तर तो संबंध आपणहून सांगून चर्चेतून बाजूला व्हावे.

त्यानंतर वहीत आपल्या दुखऱ्या जागा लिहाव्यात, आणि हे काम अधिक अवघड आहे. कोणाला शिक्षण कमी असल्याचे बोलणे लागते, कोणाला गरिबीचे. कोणाला आपण आरक्षणामुळे निवडून आलो असे म्हटलेले सहन होत नाही, तर कोणाला वडिलांच्या किंवा पतीच्या नावाने ओळखले जाणे नकोसे वाटते. जी गोष्ट लिहिताना पेन थांबते, तिच्यावरच सभेत घाव बसणार असे समजावे. ती लिहिल्याने दुखणे जात नाही, पण घाव बसल्यावर ‘हे त्या जागी लागले’ एवढे तरी आपल्याला कळते, आणि तेवढ्या क्षणभराच्या भानाने तोंडून निघणारा शब्द थांबवता येतो.

तिसरी नोंद आपल्या सवयीची करावी. राग आला की आपला आवाज चढतो, की आपण गप्प होतो, की त्या वेळी हसून दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा दाखला अडवून ठेवतो? ही शेवटची सवय सर्वांत घातक आहे, कारण ती बाहेरून शांतपणासारखी दिसते. स्वतःला हे सांगता येत नसेल, तर घरातल्या एखाद्या व्यक्तीला विचारावे. आई, पत्नी, पती किंवा मोठी मुलगी यांना आपला राग कसा येतो हे आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते तसेच्या तसे लिहावे. त्यावर आपली बाजू मांडायला बसू नये.

दुसरी पायरी: ग्रामसभेत ऐकून घेणे

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या तारखा त्यासाठी रूढ आहेत. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. नव्या सदस्याची खरी परीक्षा या सभांत होते, म्हणून एक प्रसंग जरा जवळून पाहू.

समाजमंदिरात सभा चालू आहे. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठतात आणि म्हणतात, “आमच्या आळीला चार दिवसांनी पाणी येतं, अन् सरपंचांच्या दारात दोन-दोन नळ! मतं मागायला बरं घरोघर आला होतात.” लोक हसतात. सरपंचाच्या बाजूचा एक तरुण लगेच उठून म्हणतो, “तुम्ही पाणीपट्टी भरली का आधी?” आता सभा बिघडायला एवढेच पुरेसे आहे.

या ठिकाणी सरपंचाने सर्वप्रथम आपल्याच बाजूच्या तरुणाला खाली बसवावे. “बस रे बाळा, अण्णांचं बोलणं होऊ दे,” हे वाक्य सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे. मग समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावे आणि ते मोठ्याने वाचून दाखवावे: “अण्णा, तुमचं म्हणणं असं, की तुमच्या आळीला चार दिवसांनी पाणी येतं आणि माझ्या दारात दोन नळ आहेत. बरोबर लिहिलं का?” लिहिण्यात जो वेळ जातो, त्यात आपला श्वास जागेवर येतो; वाचून दाखवल्यामुळे बोलणाऱ्याला आपले ऐकले गेले असे वाटते; आणि टोमणा गळून तक्रार तेवढी कागदावर उरते. त्यानंतर माहिती मिळवणारा एकच प्रश्न विचारावा. चार दिवसांनी पाणी येते ते पूर्ण आळीला, की चढावरच्या घरांना? या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा कामाची खरी माहिती असते, कारण चढावर पाणी न पोहोचणे आणि पाणी सोडणाऱ्याने आळी वगळणे या दोन निराळ्या अडचणी आहेत व त्यांचे उपायही निराळे आहेत.

दोन नळांच्या आरोपाला टाळू नये. खरोखर दोन जोडण्या असतील तर तसे सांगावे: एक भावाच्या वेगळ्या कुटुंबाची आहे का, दोन्हींची पट्टी भरली जाते का, आणि नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत एक बंद होईल. जे माहीत नाही त्याचे उत्तर तिथल्या तिथे रचू नये. “पाणीपुरवठ्याची नोंदवही पाहून येत्या मासिक सभेत सांगतो” असे म्हणावे आणि ते वाक्य इतिवृत्तात लिहायला लावावे. आश्वासन इतिवृत्तात आले की ते पाळण्याचे दडपण आपल्यावर राहते, आणि ते असायला हवे.

तक्रार आपल्या अखत्यारीतली नसणे हे नेहमीचे आहे. वीज महावितरणकडे असते, स्वस्त धान्य तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे, आणि गावाला जोडणारा रस्ता जिल्हा परिषदेकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. हे सांगावे, पण तिथेच थांबू नये. कोणाकडे अर्ज करायचा, तो कोण लिहून देईल आणि ग्रामपंचायतीचा ठराव त्यासोबत जाईल का, इथपर्यंत सांगितले तरच लोक त्याला उत्तर मानतात.

तिसरी पायरी: सभेनंतर निवड

सभा संपल्यावर लगेच कट्ट्यावर आपल्या माणसांत बसू नये. तिथे प्रत्येक जण ‘त्याला पढवून पाठवला होता’ असे सांगतो, आणि ते ऐकून बरे वाटते हाच त्यातला धोका आहे. घरी येऊन जेवावे, झोपावे आणि सकाळी वही उघडावी. सभेत लिहिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: यात पडताळून पाहता येईल असे काय आहे, यात केवळ बोलणाऱ्याचे मत काय आहे, आणि यात माझ्याविषयी किंवा माझ्या घराविषयी काय आहे.

पडताळता येण्यासारखे जे असेल ते जागेवर जाऊन पाहावे, आणि ते तक्रार करणाऱ्याला सोबत घेऊनच पाहावे. मत असेल तर ते किती जणांचे आहे, याचा अंदाज घ्यावा. एकाच आळीतल्या तीन वेगवेगळ्या घरांतून, एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांकडून तेच ऐकू आले तर त्याला वजन द्यावे. व्यक्तिगत भागावर एक दिवस काहीच करू नये. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाचून, पहिल्या पायरीत लिहिलेल्या दुखऱ्या जागांशी ताडून पाहावा. बोलणे लागले म्हणून ते खोटे ठरत नाही, आणि लागले म्हणून खरेही ठरत नाही. “सरपंच फोन उचलत नाही” हे वाक्य शिवीसह आले असले, तरी फोनमधली न उचललेल्या कॉलची यादी पाहिल्यावर त्यातले खरे-खोटे कळते.

या पायरीवर अनेकांची एक चूक होते, तिच्याविषयी मला तळमळीने सांगावेसे वाटते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला सोसण्याची मोठी परंपरा आहे. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्यावर शाळेत जाता-येता शेण आणि दगड फेकले गेले. गोपाळ गणेश आगरकर यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली गेली. नवे कार्यकर्ते ही उदाहरणे ऐकत मोठे होतात आणि आपल्यावर टीका झाली की आपणही त्याच रांगेत आहोत, असे त्यांना वाटू लागते. पण गटाराच्या कामाचे बिल दाखवा म्हणणारा शेतकरी हा सावित्रीबाईंवर शेण टाकणारा सनातनी नव्हे. त्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे. त्या थोर माणसांनी सोसले ते सत्ता हाती नसताना, आणि आपल्यावर टीका होते ती सत्ता हाती असताना. हा फरक विसरला की प्रत्येक प्रश्न अन्याय वाटू लागतो.

चौथी पायरी: कागद पुढे करणे

कामाविषयीच्या टीकेला भाषणाने उत्तर देऊ नये. एक नेहमीचा आरोप घेऊ: “वित्त आयोगाचे लाखो रुपये आले, पण देवळापुढच्या सभामंडपाला पैसे नाहीत म्हणतात.” पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांसाठीच वापरायचा, आणि 40 टक्के अबंधित होता. हे ज्याला माहीत नाही त्याला पैसे कुठेतरी मुरले असेच वाटणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत, किती आले, त्यांत बंधित किती, कोणत्या कामाला किती दिले आणि बाकी किती, एवढ्या चार ओळी लिहिल्या तर अर्धी कुजबुज थांबते. ई-ग्राम स्वराज पोर्टलवर माहिती असतेच, पण म्हातारी माणसे फलक वाचतात.

माहिती अधिकाराचा अर्ज आला की नवे सदस्य अस्वस्थ होतात आणि अर्जदाराच्या घरी माणसे पाठवतात. असे कधीही करू नये. 2005 च्या अधिनियमाप्रमाणे 30 दिवसांत माहिती देणे ही जनमाहिती अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. पूर्वीचे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते ती पाहतात. अर्जदार पुन्हा पुन्हा एकाच कामाची कागदपत्रे मागत असेल, तर ते मोजमाप पुस्तक आणि बिले आपण स्वतः एकदा वाचावीत. आपण सही केलेल्या कागदात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसेल, तर त्या अर्जदाराने आपले कामच केले आहे.

पाचवी पायरी: मोबाइलवरचे बोलणे

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री दहानंतर जे सुरू होते, त्यात उतरू नये. त्या वेळचा व्हॉइस मेसेज आपल्या शत्रूकडे जन्मभर जपून राहतो. आरोपाचा स्क्रीनशॉट घ्यावा, सकाळी पडताळणी करावी आणि त्याच गटावर एकदाच, कामाची माहिती, रक्कम व तारीख देऊन उत्तर लिहावे. त्यावर आलेल्या दहा प्रतिक्रियांना दहा उत्तरे देऊ नयेत. गटाचे अ‍ॅडमिन आपण असू, तर टीका करणाऱ्याला काढून टाकू नये. आपल्या वतीने भांडणाऱ्या कार्यकर्त्यांना मात्र वैयक्तिक फोन करून थांबवावे, कारण त्यांनी वापरलेला प्रत्येक शब्द गाव आपल्याच नावावर मांडते.

सहावी पायरी: टीका कुठे संपते

महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी 50 टक्के जागा राखीव आहेत. महिला सदस्यांवर होणाऱ्या टीकेचा मोठा भाग कामाविषयी नसतोच. “सही बाईंची, कारभार दादांचा” हे वाक्य बहुतेकींना ऐकावे लागते. त्याचे दोन भाग पाडावेत. कारभार खरोखर पती किंवा दीर पाहत असतील, तर ही टीका योग्य आहे, आणि तिचे उत्तर पतीला सभेच्या खोलीबाहेर बसवून, विषयपत्रिका स्वतः वाचून आणि ठरावावर स्वतः बोलून द्यावे लागते. सुरुवातीला आवाज कापला तरी चालेल. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत बोलण्याचा सराव होतो. पण बाई स्वतः कारभार पाहत असताना तिच्या फिरण्यावर, कपड्यांवर किंवा चारित्र्यावर कोणी बोलत असेल, तर ते ऐकून घेण्याचे काहीच कारण नाही. त्यावर आत्मपरीक्षण करत बसू नये. तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवावेत आणि तक्रार करावी. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या सदस्याचा जातीवरून अपमान झाला तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

धमकीला टीका समजण्याची चूक कोणीही करू नये. 9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. या घटनेनंतर ‘गावात असे बोलतातच’ म्हणून धमकीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. जिवाची, मारहाणीची किंवा मुलाबाळांची भाषा आली की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, तातडीच्या वेळी 112 वर फोन करावा आणि घरच्यांपासून काहीही लपवू नये.

मानहानीच्या खटल्याची भाषा मात्र जपून वापरावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये मानहानीचा गुन्हा आहे, परंतु लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाविषयी सद्भावनेने व्यक्त केलेले मत त्याच्या अपवादांत येते. बिलाविषयी प्रश्न विचारणाऱ्याला नोटीस पाठवणारा सदस्य खटला चालण्याआधीच गावातला विश्वास घालवून बसतो.

या सगळ्याचा ताण शरीरावर येतो. झोप उडणे, जेवण न जाणे, सभेच्या आदल्या दिवशी छातीत धडधडणे, दारूकडे वळणे, ही लक्षणे आठवड्यामागून आठवडे टिकली तर डॉक्टरांना भेटावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. पदावरच्या माणसाने मदत मागितली तर त्याचे वजन कमी होत नाही.

सातवी पायरी: चूक आपली निघाली तर, आणि कोणी बोलेनासे झाले तर

पडताळणीत टीका खरी ठरली, तर पुढच्या सभेत पहिल्या पाच मिनिटांत ते सांगावे: काय चुकले, कोणामुळे हे न सांगता आपल्या शब्दांत, दुरुस्ती काय आणि कधीपर्यंत. ज्याने ते दाखवून दिले त्याचे नाव घेऊन आभार मानावेत, तो विरोधी पॅनेलचा असला तरी. “गैरसमज झाला असेल तर दिलगीर आहे” असे अर्धे वाक्य वापरू नये. लोकांना त्यातली पळवाट लगेच कळते.

याउलट काही महिने कोणीच काही बोलले नाही, तर समाधान मानण्याआधी वही पाहावी. शेवटची तक्रार कोणत्या महिन्यातली आहे आणि ती कोणत्या आळीतून आली होती? बोलणाऱ्याचे काम अडल्याचे गावाने पाहिले असेल, तर लोक गप्प बसतात. किंवा आपल्याभोवती बसणारी चार माणसे त्यांना आपल्यापर्यंत येऊ देत नसतील. अशा वेळी ज्या आळीत आपल्याला सर्वांत कमी मते पडली, तिथे कार्यकर्ते आणि फोटो काढणारा यांना न घेता एकट्याने जावे, एखाद्या ओट्यावर बसावे आणि ग्रामपंचायतीचे कोणते काम तुमच्यापर्यंत पोहोचले नाही, एवढेच विचारावे. पहिल्या भेटीत बहुधा चहा मिळेल आणि “सगळं ठीक आहे” असे उत्तर मिळेल. महिनाभराने पुन्हा जावे, आणि तोवर त्या आळीतले एक तरी रेंगाळलेले काम, निदान बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा, करून ठेवावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत कोणीतरी मावशी मनातले बोलू लागतील; त्या वेळी वही बाहेर काढून त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि ते बरोबर लिहिले का, हे त्यांना वाचून दाखवावे.